मावशींचं कालचं जेवण

२०१७ च्या हिवाळ्यात मी टोरांटोतल्या एका संशोधन केंद्रात अर्धवेळ काम करत होतो. लोकांना फोन करायचा आणि आदल्या दिवशी सकाळपासून झोपेपर्यंत त्यांनी काय काय खाल्लं ते विचारून कॉम्प्युटरमध्ये भरायचं, एवढंच काम. आपल्याकडून इथे आलेल्या वयस्क लोकांत मधुमेह आणि रक्तदाब फार, म्हणून तो अभ्यास चालला होता. त्यातल्या अर्ध्या लोकांना सगळ्यांना देतात तेच छापील पत्रक मिळे: भाज्या वाढवा, मीठ कमी करा, तळलेलं टाळा. उरलेल्या अर्ध्यांना त्यांनी सांगितलेल्या जेवणावरून खास त्यांच्यापुरता लिहिलेला सल्ला मिळे. असा खास सल्ला मिळाला तर माणूस खरंच बरं खायला लागतो का, हे तपासायचं होतं. वसईत मी शाळेत विज्ञान शिकवत असे. कॅनडात आल्यापासून माझ्या शिक्षणाची कुणाला गरज पडली असेल तर ती याच नोकरीत, आणि मला तिचा फार अभिमान होता. पुढे जे झालं त्यात त्या अभिमानाचा वाटा आहे, म्हणून तो आधी सांगतो.

एका शनिवारी स्क्रीनवर आमच्याच पॅरिशमधल्या, म्हणजे आमच्याच चर्चला येणाऱ्या, मावशींचं नाव आलं. विधवा बाई, मूळच्या आमच्या वसईकडच्या. टोरांटोच्या एटोबिको भागात मुलाकडे राहायच्या. सगळे त्यांना मावशीच म्हणत. ओळखीचा माणूस निघाला तर वरिष्ठांना सांगायचं आणि फोन दुसऱ्याकडे द्यायचा, असा नियम होता. मी सांगितलं नाही. मराठी बोलणारा दुसरा कुणी नव्हता, आणि आपल्या माणसाशी त्या मोकळेपणाने बोलतील असं मी स्वतःला पटवलं.

"मावशी, काल सकाळपासून सांगा. उठल्यावर काय घेतलंत?"

"तूच का रे तो, चर्चमध्ये वाचन करणारा?"

"हो मावशी. पण आता मी ऑफिसातून बोलतोय."

"मग ऑफिसातल्यासारखं लिही. सकाळी अंडं, ब्रेड, लोणी. दुपारी चिकन, बॉटल मसाला घालून, नारळाच्या वाटणातलं. भात. रात्री पुन्हा तेच, आणि वर केक."

"चिकनचे तुकडे किती घेतलेत?"

"पोटभर."

"पोटभर लिहिता येत नाही, मावशी."

"मग चार लिही. चार बरे दिसतात."

मी हसलो, आणि मग माझी बोटं थांबली. आदला दिवस म्हणजे शुक्रवार, आणि तोही ईस्टरआधीच्या उपवासकाळातला. त्या संध्याकाळी क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेला मी त्यांच्या मागच्याच बाकावर होतो. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत मावशी मांसाला हात लावत नाहीत हे पॅरिशमध्ये सगळ्यांना माहीत होतं. त्या वर्षी तर त्यांनी चहातली साखरही सोडली होती. माझ्या बायकोला त्यांनी स्वतः सांगितलं होतं.

त्या खोटं बोलत होत्या असं मात्र मी म्हणणार नाही. माझी आईही असंच करायची. शेजारणीने काय जेवलात म्हणून विचारलं की ती चुलीवर जे शिजलं ते सांगायची. शेवटी तिच्या वाट्याला काय उरलं, हे विचारायची रीत नव्हती आणि सांगायचीही नव्हती. जेवणाची चौकशी म्हणजे घराची चौकशी. त्यात हे मुलाचं घर, परका देश, आणि विचारणारं सरकारी वाटावं असं ऑफिस. काल मी पेज प्यायले आणि चहात टोस्ट बुडवला, असं काही म्हटलं तर त्याचा अर्थ मुलगा-सून आईला नीट जेवू घालत नाहीत असा झाला असता. मावशींनी घरात शिजलेलं सांगितलं. हे सगळं मला त्या क्षणी समजलं. त्या केंद्रात हे समजू शकणारा मी एकटाच होतो, आणि मला ठेवलं होतं तेही त्याचसाठी.

मी चार तुकडे भरले.

समोरच्याने काहीही सांगितलं तरी आश्चर्य दाखवायचं नाही, उलट प्रश्न करायचा नाही, असं आम्हाला शिकवलं होतं. मी त्या नियमाआड लपलो. खरं कारण वेगळं होतं. विचारलं असतं तर त्यांच्या मुलाची अब्रू काढल्यासारखं झालं असतं, आणि वर कळवलं असतं तर मी त्यांना ओळखतो हे उघड झालं असतं.

मावशी खास सल्ल्याच्या गटात पडल्या. आमची आहारतज्ज्ञ, तीच माझी वरिष्ठ, कष्टाळू तरुण मुलगी होती. तिच्यापुढे जे होतं त्यावरून तिने प्रामाणिकपणे लिहिलं: मांसाचे तुकडे निम्मे करा, नारळ निम्मा, भात कमी, लोणी बंद, रात्रीचं जेवण हलकं. त्याचं मराठी मी केलं. मोठ्या अभ्यासांत जेवण विचारणारा आणि सल्ला कळवणारा एकच माणूस ठेवत नाहीत, हे मला नंतर कळलं. आमच्याकडे माणसं थोडी होती. मी त्या मराठीवर मन लावून मेहनत घेतली, आपल्या पदार्थांची नावं घातली, आमच्याकडच्या बायका बोलतात तशी वाक्यं केली. मीटिंगमध्ये त्याचं कौतुक झालं.

मग मी तो सल्ला मावशींना फोनवर वाचून दाखवला. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी विचारलं, "म्हणजे अजून कमी करू?"

"हो मावशी, थोडं. तुमच्या तब्येतीसाठीच आहे. तज्ज्ञांनी खास तुमच्यासाठी लिहिलंय."

"खास माझ्यासाठी?"

"फक्त तुमच्यासाठी."

"बघ बाबा," त्या हसल्या, "माझ्या नवऱ्याने जन्मात माझ्या ताटात डोकावून बघितलं नाही. कॅनडा बघतोय."

त्यांनी 'अजून' म्हटलं होतं. ते मी ऐकलं होतं. मी आभार मानून फोन ठेवला.

ईस्टर झाला, बर्फ वितळलं, लोकांनी जाड कोट काढले. तेव्हा मावशींचे खांदे दिसले. चर्चच्या बेसमेंटमध्ये चहाच्या वेळी बायका त्यांना म्हणाल्या, "मावशी, बारीक झालात, मानवला तुम्हाला कॅनडा!" त्यांनी सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट दाखवलं. "याला विचारा. याच्या ऑफिसने माझं खास लिहून दिलंय." लोकांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मीही हसलो.

गाडीत बायको म्हणाली, "मावशी आजारी दिसतात."

"डाएटवर आहेत."

"कसल्या डाएटवर? आधी तरी काय खात होत्या त्या?"

"तुला काय माहीत त्या काय खातात ते?"

"आणि तुला माहीत आहे? पॅरिशच्या जेवणाला त्या सगळ्यांना वाढतात. स्वतः ताट घेताना कधी बघितलंस त्यांना?"

मी रेडिओ लावला.

उन्हाळ्यात पुन्हा जेवण विचारायची वेळ आली. या वेळी मावशींनी सगळं माझ्याच सल्ल्याच्या शब्दांत सांगितलं. चिकनचे दोन तुकडे. निम्मा नारळ. भात थोडा. लोणी नाही. जणू पाठ करून ठेवलं होतं. वजन उतरलं होतं, रक्तदाब उतरला होता. माझी वरिष्ठ खूश झाली. सल्ला तंतोतंत पाळणारं असं माणूस विरळा, असं ती म्हणाली. ते खरंच होतं. मावशी सल्ला पाळत होत्या. फक्त तो चार तुकड्यांना लागू करण्याऐवजी पेजेच्या वाटीला लागू करत होत्या. वाटी निम्मी झाली. टोस्टला लावायचं ते बोटभर लोणी गेलं. कधीतरी पेजेबरोबर खोबऱ्याची चटणी असे, तीही गेली. हा तपशील मला पुढे त्यांच्या मुलाकडून कळला. पण फोनवर त्यांचा आवाज आधीपेक्षा बारीक झाला होता, आणि तेवढं कळायला मला मुलाची गरज नव्हती.

नोव्हेंबरात स्वयंपाकघरात उभ्या असताना त्यांच्या पायांतलं बळच गेलं. त्या पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. पुढच्या रविवारी मिस्सा संपल्यावर पार्किंग लॉटमध्ये त्यांच्या मुलाने मला गाठलं. तो माझ्याच वयाचा, ट्रकिंग कंपनीत डिस्पॅचचं काम करणारा, फारसा न बोलणारा माणूस.

"डॉक्टर मला विचारतात, घरी खायला देता का हिला?" तो म्हणाला. "मला विचारतात. नर्ससमोर. अरे, फ्रिज फुल असतो आमचा. मी शिफ्टवर, बायको शिफ्टवर, ती म्हणते मी जेवले, आम्ही म्हणतो ठीक. आता म्हणते, ऑफिसने कमी खायला सांगितलं होतं. खरं का रे?"

मी हो म्हणालो. एवढंच म्हणालो. जी गोष्ट कुणाच्या तोंडी येऊ नये म्हणून मावशींनी मला चार तुकडे सांगितले होते, ती एका डॉक्टरने त्यांच्या मुलाला तोंडावर विचारली होती.

सोमवारी मी माझ्या वरिष्ठेला सगळं सांगितलं. ओळख, शुक्रवार, ते 'अजून', सगळं. ती चिडली असती तर बरं वाटलं असतं. तिचा चेहरा उतरला आणि तिने विचारलं, "तू तेव्हाच का नाही सांगितलंस?" तिने वर कळवलं. मावशींची माहिती अभ्यासातून काढून टाकली. मला कुणी काढलं नाही. मुदत संपल्यावर मीच थांबलो. पण मावशींचा आवाज थांबला नाही. आजही कुणी आग्रह करून वाढायला लागलं आणि मी पोटभर झालं म्हणालो, की मागोमाग मला "चार लिही" ऐकू येतं, त्यांच्याच हसऱ्या आवाजात. बायकोने काय जेवलास म्हणून फोनवर विचारलं तरी मी डब्यात काय होतं तेवढंच सांगतो. तिला ते कळतं, ती दुसरं काहीतरी विचारते.

मावशी त्या हिवाळ्यातच गेल्या. न्यूमोनिया झाला होता. कमी खाण्यामुळे गेल्या असं डॉक्टर म्हणाले नाहीत. तसं नव्हतंच, असंही कुणी म्हणालं नाही.

त्याआधी एकदा मी त्यांना हॉस्पिटलात भेटलो. कबूल करायचं ठरवूनच गेलो होतो. दुपारच्या जेवणाचा ट्रे तसाच पुढे होता: कुस्करलेला बटाटा, गाजर, करड्या रश्श्यात मांसाचा तुकडा. मुलगा खिडकीपाशी बसला होता. तो बाहेर जाईल म्हणून मी थांबलो, पण तो गेला नाही. शेवटी त्याच्यासमोरच बोललो.

"मावशी, उपवासकाळातल्या त्या शुक्रवारी तुम्ही चिकन खाल्लं नव्हतंत. मला तेव्हाच कळलं होतं. तरी मी तसं लिहिलं. त्यावरूनच सगळा सल्ला निघाला."

त्यांनी आधी मुलाकडे पाहिलं. तो खाली बघत होता. मग माझ्याकडे.

"खाल्लं होतं," त्या म्हणाल्या.

"मावशी, शुक्रवार होता."

"मला नको शिकवू शुक्रवार. वास आला, राहवलं नाही. चार तुकडे खाल्ले. फादरांपुढे कबूल करून झालंय माझं." दम लागला म्हणून त्या थांबल्या. "तू बरोबर लिहिलंस. माझ्या मुलाच्या घरात मला काही कमी नव्हतं."

ज्या बाईने चहातली साखरसुद्धा सोडली होती, तिने आम्हा दोघांसाठी ते पाप स्वतःच्या नावावर घेतलं, आणि मी पुन्हा एकदा तिला खोडून काढू शकलो नाही. या वेळी आड लपायला नियमही नव्हता.

मी उठलो नाही म्हणून असेल, त्यांनी चमचा उचलला. बटाटा घेतला, तोंडात घातला आणि माझ्याकडे बघत चावत राहिल्या. गिळायला फार वेळ लागला. मग दुसरा घास घेतला.

"बघ," मुलगा खिडकीपाशी बसल्याबसल्या म्हणाला, "खाते ना ती."

"हो," मी म्हणालो. "खातायत."