साठावं पान

मनीषनगरच्या आमच्या वाचनालयाने मागच्या वर्षी ठरवलं, की सगळ्या वस्तीने मिळून एकच पुस्तक वाचायचं. दर शनिवारी दुपारी जमायचं, एकाने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, मग त्यावर बोलायचं. पुस्तक होतं विहिरी खोदणाऱ्या एका माणसाचं. मी गेले ती सुनेने ओढून नेलं म्हणून, आणि खरं सांगायचं तर तिथल्या कूलरसाठी.

दुसऱ्याच शनिवारी मी तोंड उघडलं. गोष्टीतल्या माणसाने ऐन श्रावणात विहीर खोदायला घेतली होती. मी म्हटलं, "श्रावणात कोणी विहीर खांदते का? वरूनच भरून राहते ते. या लिहिणाऱ्यानं जन्मात टोपलं उचललं नाही." माझं माहेर नरखेड तालुक्यातलं. विहिरीतला मुरूम मी डोक्यावर वाहिला आहे, म्हणून बोलले. सगळे हसले. आमच्यात एक रिटायर्ड हेडक्लार्क आहेत. कोणी काही बोललं की ते दुरुस्त करतात, सवयच आहे. तेसुद्धा म्हणाले, "आजीबाईंचा मुद्दा बरोबर आहे." तेव्हापासून वाचन संपलं, की लोक माझ्याकडे बघायचे. बरं वाटायचं. नाही म्हणणार नाही.

त्यांना एक गोष्ट माहीत नव्हती. त्या पुस्तकाचं एक पानही मी स्वतः वाचलेलं नव्हतं. सगळं कानाने.

मी चौथी पास आहे. गुरुजींनी धडा वाचायला उभं केलं, की पुस्तक डोळ्यांसमोर धरायची आणि पाठ केलेलं म्हणायची. चौथी तशीच निघाली. मग बागेत संत्री निवडायला लागले, लग्न होऊन नागपुरात आले, एका शाळेत पोरांची खिचडी शिजवली. अक्षरं मला येतात. पण एकेक अक्षर जोडून शब्द पुरा होईपर्यंत शेजारचं माणूस तो बोलून मोकळं होतं. बसची पाटी असो, दवाखान्याची चिठ्ठी असो, आधी नवरा, मग मुलगा, मग सून. कोणाच्या मनात वाईट नव्हतं, घाई होती. पण त्यामुळे एकही लांब शब्द माझा मी कधी पुरा केला नाही. आमच्या बुद्धविहारात पावसाळ्यात वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथ वाचतात. वाचणारे ठरलेले तिघे. मी चाळीस वर्षं मागे हात जोडून बसले. मला कोणी विचारलं नाही, मीही मागितलं नाही.

कार्यक्रमाच्या शेवटी ग्रंथपाल बाईंनी सांगितलं, की एका रविवारी सकाळपासून अख्खं पुस्तक पुन्हा वाचायचं. ज्याला त्याला एकेक पान. चिठ्ठ्या उचलायच्या. नियम दोन. दुसऱ्याचं पान कोणी वाचायचं नाही, राहिलं तर राहिलं. आणि वाचणारा अडला तर मधे कोणी सांगायचं नाही.

मला साठावं पान आलं. बाई पोरगीच आहे, पण समजूतदार. म्हणाली, "आजी, तुमच्यासाठी ही जुनी प्रत. हिच्यात अक्षर मोठं आहे." मी घरी आणली आणि चौथीत करायची तेच केलं. सून कामाला गेली, की ओट्याशी पान उघडायची, बोट ठेवून एकेक ओळ सोडवायची आणि पाठ करायची. विहीर खोदणाऱ्याची बायको भाकरी घेऊन काठावर येते आणि खाली हाक मारते, असं ते पान. पंधरा दिवसांत घडाघडा यायला लागलं.

रविवारी सुनेच्या शेजारी पुढच्या रांगेत बसले. टेबलावर पुस्तकाची नवी प्रत उघडी ठेवलेली. एकेक जण उठे, आपलं पान वाचे, बसे. पन्नासाव्या पानाला हेडक्लार्क उठले. खाकरले. आणि वाचू लागले, की बायको भाकरी घेऊन काठावर आली.

माझं पान. शब्दन् शब्द माझा. मी ओठांत पुढची ओळ म्हणत होते आणि ती त्यांच्या तोंडून येत होती. तेव्हा लक्षात आलं. जुन्या प्रतीत अक्षर मोठं, म्हणून पानं जास्त. तिथलं साठावं ते इथलं पन्नासावं. इथल्या साठाव्या पानावर काय आहे ते मला माहीत नव्हतं, आणि मधे फक्त नऊ माणसं होती.

मी सुनेला कोपराने ढोसलं. "चाल घरी."

"काहून? तुमचं पान राहिलं न."

"माह्यं पान त्यायनं वाचलं. मी पाठ करून आली होती. मले असं सरसर वाचता येत नाही वं."

तिने मान वळवली नाही. म्हणाली, "मले माहीत हाये. पंधरा दिवस झाले, रोज भाजी करपून राहिली. ओट्यावर पुस्तकाले तेलाचे डाग. मी काय आंधळी हावो?"

"मग तू वाच माह्या बदल्यात."

"नेम हाये न, आई. दुसऱ्याचं वाचाचं नाही."

"मग जातो मी."

"जा. मंग विहिरीच्या गोष्टीत तेवढा खड्डा राहू द्या."

हिच्या जिभेला हाड नाही. माझ्याही नाही, म्हणून आमचं जमतं. मी उठले नाही, पण धीर आला होता असंही नाही. आकडे मोजत बसले, एवढंच. माणसं एकामागून एक संपली आणि बाईंनी माझा आकडा घेतला.

टेबलाशी गेले. अक्षर बारीक. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि सुरू केलं. कातळ लागला होता, सुरुंगाला भोकं पाडायची होती. 'पहार' आला, 'घण' आला, ते शब्द माझ्या ओळखीचे. एक ओळ वाचायला दुसऱ्यांना लागतो त्याच्या पाचपट वेळ लागला असेल. कोणी हललं नाही. मग 'निर्विकारपणे' आला. नि. निर्. पुन्हा नि. साधं 'गप' लिहिलं असतं तर त्या लिहिणाऱ्याचं काय गेलं असतं? मी थांबले. सवयीने वाट बघितली, आता कोणीतरी सांगेल. मान वर केली. हेडक्लार्कांनी दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबले होते. डोळे बाहेर आलेले, शब्द ओठांवर आलेला, पण हात काढले नाहीत. ग्रंथपाल बाई खाली बघत होती. सून पदराचं टोक चावत होती. मी परत बोट ठेवलं. निर्वि. कार. पणे. झाला शब्द. पुढे गेले. पान संपवलं. जागेवर येऊन बसले, तर ब्लाउज घामाने भिजला होता, कूलर असून.

टाळ्या वाजल्या नाहीत, सकाळपासून कोणासाठीच वाजल्या नव्हत्या. पुढचा माणूस उठला आणि एकसष्टावं पान सुरू झालं. तेच मला जास्त आवडलं.

नंतर चहाच्या वेळी हेडक्लार्क म्हणाले, "आजीबाई, त्या एका शब्दाने माझा जीव घेतला असता."

मी म्हटलं, "माहा बी."

मला उपकार मानायची सवय नाही, पण इथे मानते. बाईचे, त्या मोठ्या अक्षराच्या प्रतीसाठी. तिच्यामुळे फसले आणि फसले म्हणून वाचलं. सुनेचे, तिने मला घरी नेलं नाही म्हणून. हेडक्लार्कांचे सगळ्यांत जास्त. मला शब्द सांगणारी माणसं आयुष्यभर भेटली. येत असून न सांगणारा हा पहिला.

यंदाच्या वर्षावासात मी विहारात एक पान मागून घेतलं. वाचणाऱ्या तिघांपैकी एकाने ग्रंथ माझ्यासमोर ठेवला आणि खांद्यावरून वाकून उभा राहिला. तिसऱ्या ओळीला एका शब्दावर मी अडले. त्याने तोंड उघडलं.

मी हात वर केला. म्हटलं, "सांगू नको गा. येऊन राहिला."