गोठलेला ट्रक

आमच्या घरात एक ट्रक आहे आणि तो संध्याकाळी माझ्या नवऱ्याच्या मांडीवर बसतो.

लांबीला हातभर. चारही चाकांना जोर, टायर खऱ्या रबराचे, वर रंगवलेली पातळ प्लास्टिकची टोपी. बॅटरीवर पळतो आणि हातातल्या रिमोटने वळतो. हा खेळ लहान मुलांचा आहे, असं मी एकदाच म्हटलं होतं. त्यानंतर हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ट्रकशी मात्र बोलत होते.

ह्यांचं स्कूटर दुरुस्तीचं गॅरेज आहे. ट्रकचं वेड लावलं ते ह्यांच्या मित्राने, जयवंत भावोजींनी. ते बोटीवर नोकरीला होते. शेवटच्या खेपेला येताना त्यांनी अगदी सारखे दोन ट्रक आणले, एक स्वतःला आणि एक ह्यांना. दोघे शाळेपासूनचे मित्र. एका बाकावर बसले, एकाच वर्षी नापास झाले, आणि आता पन्नाशी उलटल्यावर एकत्र ट्रक उडवतात. आमच्या घराच्या वर जांभ्या दगडाचा उघडा सडा, म्हणजे सपाट माळ, आहे. तिथे दोघांनी जुने टायर मांडून आणि लाल मातीचे उंचवटे घालून शर्यतीची वाट केली. हळूहळू चिपळूणहून, कोल्हापुरातून माणसं आपापले ट्रक घेऊन यायला लागली. सगळे मिशीवाले आणि सगळे गंभीर. (त्यांच्यासाठी पोहे आणि चहा करायचं काम माझं. मी कोणाला हो म्हटलं होतं ते आठवत नाही.)

शर्यत जिंकायची ती आदल्या दिवशी, असं हे म्हणतात. प्रत्येक चाकापाशी बोटाएवढी नळी असते, तिला शॉकअप म्हणायचं. आत तेल असतं. ट्रक उडून खाली आपटला की ते तेल धक्का गिळतं. पुढच्या चाकांना जाड तेल घालायचं की पातळ, यावर ह्यांचं आणि भावोजींचं फोनवर तासतासभर चालतं. आमच्या लग्नाची बोलणी एका चहात उरकली होती.

जानेवारीतल्या मोठ्या शर्यतीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ह्यांनी चारही नळ्या काढल्या, नवीन तेल भरलं, आणि तोंडं उघडी ठेवून त्या भोकं पाडलेल्या फळीत उभ्या केल्या. तेलातले बुडबुडे वर येऊन फुटायला हवेत म्हणे.

"हात लावू नको गो. गॅरेजात जाऊन आलोच," असं बजावून हे गेले.

मी हात लावला नाही. टेबलाखालची केरसुणी घ्यायला वाकले आणि पदर फळीत अडकला. फळी आडवी झाली. शेजारची तेलाची बाटली उघडी होती, तीही लवंडली. सगळं तेल टेबलावरून टपटप जमिनीवर.

इथे कोणत्याही शहाण्या बाईने सांगून टाकलं असतं. पण मला सांगणं जमत नाही. दुकानात साखर मागितली आणि दुकानदार "काय?" म्हणाला, की मी "काही नाही" म्हणून घरी येते. मी तेल पुसलं आणि बोटांवर चोळून पाहिलं. पाण्यासारखं स्वच्छ आणि बुळबुळीत. असं तेल आमच्या घरात एकच, घरच्या नारळांचं, घाण्यावरून आणलेलं. इतकी वर्षं माझ्या केसांना चालतं, ते ट्रकाला का चालू नये? औषधाच्या ड्रॉपरने मी चारही नळ्या काठोकाठ भरल्या. पुढे जाड, मागे पातळ ही भानगड ठेवली नाही, सगळ्यांना एकच न्याय. मग रिकाम्या बाटलीतही होतं तेवढंच भरून ठेवलं. (घसरायचं तर पायरी मोजत कशाला बसा!)

हे आले आणि नाक वर करून म्हणाले, "खोबरेलाचा वास येतो कसला?"

"केसांना लावलंय," मी म्हटलं.

लावलं नव्हतं. म्हणून गुपचूप स्वयंपाकघरात जाऊन डोकं चोपडून घेतलं, म्हणजे खोटं बोलल्याचं पाप नको. हे नळ्या बंद करून ट्रकाला बसवत होते. ट्रक दाबला की मऊ खाली जायचा आणि मऊ वर यायचा. "बघ, लोणी," असं म्हणून ह्यांनी मला तो दाखवला. मी मान हलवली. सकाळी लवकर सगळं सामान वर न्यायचं होतं म्हणून भावोजी रात्रीच आले आणि ह्यांचाही ट्रक आपल्या जीपमध्ये ठेवून घेऊन गेले.

सकाळी बोचरी थंडी होती. हे अंधारातच वर गेले. वेणी घालावी म्हणून मी तेलाची बाटली हातावर उपडी केली. काही पडलं नाही. हलवली, तरी नाही. आत पांढरं, घट्ट, दगडासारखं. थंडीत हे रोजचंच. रोज मी बाटली चुलीजवळ ठेवते आणि तेल सुटलं की वेणी घालते. त्या दिवशी मात्र हात तिथेच थांबला. ट्रकाच्या पोटात चार ठिकाणी हेच असणार.

मी तशीच, अर्धी वेणी आणि हातात बाटली घेऊन, सडा चढले. पोहोचले तेव्हा हे इतर मिशीवाल्यांबरोबर फळ्यांच्या माचावर रिमोट घेऊन उभे होते. मी खालून "अहो" म्हटलं. मग पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा कोल्हापूरच्या एका गृहस्थांनी वाकून पाहिलं आणि "चहा झाला काय?" असं विचारलं. मी हो म्हटलं आणि माचाशेजारी मांडलेल्या स्टोव्हवर चहा करायला गेले.

शर्यत सुटली. ह्यांचा ट्रक पहिल्या उंचवट्यापर्यंत सगळ्यांच्या पुढे होता. तिथून तो उडाला, खाली आला आणि धक्का न गिळता बेडकासारखा परत उडाला. मग टायरांच्या भिंतीवर, तिथून पाठीवर. कोणीतरी सरळ केला, तर तीच बेडूकउडी पुन्हा. चारही चाकं हवेत जोरजोरात फिरत होती, जोर कशालाच लागत नव्हता. भावोजींचा ट्रक शांतपणे पहिला आला.

दुसरी फेरी अर्ध्या तासाने होती. ह्यांनी ट्रक जमिनीवर ठेवून दाबून पाहिला. तो हलला नाही. ह्यांनी सगळं वजन टाकलं, तरी नाही.

"ह्याला कोणीतरी हात लावलाय," हे म्हणाले.

"कोणी म्हणजे?" भावोजींनी विचारलं.

"काल संध्याकाळी घरात लोणी होता. रात्रभर तुझ्या जीपमध्ये होता."

भावोजी सावकाश म्हणाले, "सुधाकर, हा ट्रक मी तुला आणून दिलाय."

"म्हणूनच तुला ठाऊक, कुठे काय फिरवायचं ते."

भावोजींचा चेहरा उतरला. त्यांनी रिमोट पिशवीत घातला, स्वतःचा ट्रक उचलला, आणि जीपचं मागचं दार उघडलं. चाळीस वर्षांची दोस्ती त्या दारातून आत चालली होती, आणि मी स्टोव्हपाशी पोहे ढवळत होते. पोहे केव्हाच झाले होते. साखर मागायला न जमणारी बाई वीस परक्या पुरुषांसमोर काय सांगणार?

मग रोज सकाळी जे करते ते केलं. गेले, ह्यांच्या पुढ्यातला ट्रक उचलला, आणून स्टोव्हजवळ ठेवला. त्याच्या शेजारी तेलाची बाटली ठेवली. आणि दोन्हींकडे बघत बसले.

"काय करतेस तू?" हे धावत आले.

"गोठलंय," मी म्हटलं.

"काय गोठलंय?"

"खोबरेल."

ह्यांनी बाटलीकडे पाहिलं, ट्रककडे पाहिलं, मग माझ्या अर्ध्या वेणीकडे. बाटलीतलं तेल कडेने सुटायला लागलं होतं. भावोजी जीपचं दार धरून तसेच उभे होते.

"वहिनी, हे तुम्ही केव्हा केलंत?"

"काल. सांडलं माझ्याकडून."

"आणि हा मला चोर म्हणाला तेव्हा कुठे होतात?"

"पोहे ढवळत होते."

जमिनीने मला पोटात घ्यावं असं वाटलं, पण जांभा तिथे फार कठीण आहे. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. हे भावोजींकडे बघू शकत नव्हते, भावोजी ह्यांच्याकडे बघत नव्हते. दोघांच्या मधे तो ट्रक, एका बाजूने तापून टोपी जराशी वाकलेला. (ती अजून वाकडी आहे.)

मग भावोजी स्वतःचा ट्रक घेऊन आले आणि खाली बसले. त्यांनी चारही नळ्या उघडल्या, आतलं परदेशी तेल दगडावर ओतून दिलं आणि माझ्यापुढे हात केला.

"उरलंय का? घाला माझ्यात पण. मग म्हणू दे ह्याला, मी फसवलं."

माफी हा शब्द ह्यांच्या तोंडात कधी बसला नाही. हे भावोजींच्या शेजारी उकिडवे बसले आणि न मागता त्यांच्या हातात बारीक पाना दिला. भावोजींनी तो थोडा वेळ नुसताच धरला. मग नळी घट्ट करायला लागले.

दुसऱ्या फेरीपर्यंत ऊन वर आलं होतं. तेल आता पाण्यासारखं झालं होतं, आणि दोन्ही ट्रक चिखलातल्या म्हशींसारखे डुलत, एकमेकांवर आदळत, शेवटून पहिले आणि शेवटून दुसरे आले. संपूर्ण सड्यावर खोबरेलाचा वास. शर्यत कोल्हापूरच्या त्या गृहस्थांनी जिंकली. जाताना त्यांनी पोह्यांचं कौतुक केलं. पोहे करपले होते.

दोघे अजून एकत्रच ट्रक पळवतात. फरक एवढाच पडलाय, की आता कोणाचाही ट्रक बिघडला तर ते एकमेकांवर संशय घेत नाहीत. दोघेही सावकाश माझ्याकडे बघतात.