नाककाकांनी चाखलेली कॅबरने

नाककाका पनवेल स्टँडवर उतरायचे, तोवर त्यांचं नाक पुढे घरी पोचून चहा पिऊन बसलेलं असायचं. तिकडे कोन गावात कुणी सुकट भाजली की इकडे गॅलरीतून काका जाहीर करत, "लसूण करपवला बाईनं!" कर्नाळ्याच्या जंगलात एक फूल उमललं की काकांना पनवेलात शिंक. यातलं निम्मं मी डोळ्यांनी पाहिलंय आणि उरलेलं निम्मं त्याहून खरं आहे.

आमच्या शेजारचं हे बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, बिऱ्हाड. लोक नाक मुठीत धरून नोकरी करतात. काकांनी सरबतांच्या कारखान्यात नाक वर करून केली. वास घेऊन माल पास-नापास करायचा, हेच काम. निवृत्तीनंतरही खोड जाईना. आमच्याकडे जेवायला बसले की आधी आमटीवर नाक धरायचे. "पोरी, हिंग जुना झालाय तुझा." माझी बायको लाटणं शोधू लागे, तोवर काका दुसरी वाटी मागत.

त्यांची भाची रिबू बँकेतली नोकरी सोडून नाशिककडे वाइन करायला गेली, तेव्हा सगळ्या गोतात फक्त काका खूश झाले. तिची पहिली कॅबरने, म्हणजे तांबडी वाइन, पिंपात होती. एक हॉटेलवाला सगळीच्या सगळी लगेच उचलायला तयार, पण वाइन कोवळी. घाईनं बाटल्यांत भरली तर पहिल्याच घोटाला नाव बुडेल. थांबावं तर गिऱ्हाईक जाईल. म्हणून गुरुवारी नमुन्याची बाटली घेऊन ती काकांकडे आली. "मामा, तुम्ही सांगाल तसं."

काकांनी पेला फिरवला, नाक आत घातलं. ते बाहेर येईपर्यंत आमचा चहा गार झाला. मग एक घोट गालांत खळखळवला.

"ढोबळी मिरची. पेन्सिल सोलल्यासारखं लाकूड. आणि जीभ अशी की कच्ची जांभळं खाल्ली. मिसरूड फुटलेलं पोरगं आहे गं हे. आवाज मोठा, अक्कल यायचीय."

"येईल?"

"आज कसं सांगू? रात्रभर उघडी राहू दे. उघड्यावर बिघडली तर लगेच विकून टाक. सुधारली तर लंबी रेस का घोडा."

बाटलीत चिलटं पडू नयेत म्हणून काकांनी तिच्या तोंडाला फडकं बांधलं आणि ती ओट्यावर ठेवली. इथेच घात झाला. शब्बाथच्या प्रार्थनेसाठी काकू काळ्या मनुका भिजवून, कुस्करून त्यांचं गोड पाणी गाळून ठेवत. तेही तशाच बाटलीत, तसंच फडकं बांधून.

रिबू मुक्कामाला होतीच, मीही आलो होतो. शुक्रवारी संध्याकाळी काकूंनी पेला भरून दिला. काकांनी तो उचलून प्रार्थना सुरू केली आणि पहिल्याच ओळीला नाक ताठ झालं. पण मध्ये बोलायचं नसतं! भुवया टाळूपर्यंत चढल्या, कान लाल झाले, तोंडातून हिब्रू मात्र अखंड. संपली तशी ते एक घोट प्यायले. पेला फिरला. द्राक्षांचीच होती, देवाला चालली असावी. काकूंनी जीभ टाळ्याला लावून पाहिली.

"अगंबाई, यंदाच्या मनुकांत दम आहे हो!"

काका खुर्चीतून असे उडाले की खालच्या मजल्यावर प्लास्टर पडलं. "ऐकलंस रिबू? रातोरात शहाणी झाली! थांब. पिंपात राहू दे दोन पावसाळे."

रिबू हसली, मग तिचा चेहरा पडला. काका-काकू दिवाळीनंतर मुलाकडे इस्रायलला कायमचे निघणार होते. "मामा, तोवर तुम्ही इथे नसाल."

"मी नसेन म्हणून काय कच्ची विकशील? विचारायला आलीस ना? मग ऐक."

तिनं ऐकलं. हॉटेलवाला गेला, काका गेले, गॅलरी मुकी झाली. कोनच्या बायका आता खुशाल लसूण करपवतात.

यंदा रिबूची बाटली आली. मी काकांना व्हिडिओ कॉल लावला. स्क्रीनभर नाकच. "पिऊ नकोस, आधी हुंग. आणि थापा मारू नकोस!"

मी हुंगलं. घोट घेतला. काय काय येतंय ते सांगत गेलो: करवंदं, चहाची पूड, ओलं लाकूड, आणि घशाखाली रेंगाळणारी गोडसर ऊब. जन्मभर मला एक वाक्य धड पुरं करू न देणारा माणूस मध्ये एकदाही बोलला नाही. माझं संपलं तेव्हा त्यांनी डोळे मिटलेले होते.

"पुन्हा सांग," काका म्हणाले. "सावकाश."