लाल दोऱ्याचे गळ

आमच्या घरात रविवारी सकाळी रिकाम्या हाताने बसायची सोय नाही. खाडीकाठचं घर, ओटीवर चटई, चटईवर पितळेचं ताट, ताटात बारीक गळांचा ढीग आणि भोवती आम्ही सगळे तंगुसाचे, म्हणजे नायलॉनच्या दोरीचे तुकडे तोंडात धरून बसलेले. पनवेलच्या बाजारात बांधलेले तयार गळ मिळतात. ते बाबांना दाखवले की शिळं कालवण वाढल्यासारखं तोंड करतात. बंदरातली नोकरी संपल्यापासून त्यांचा सगळा जीव एका होडीत आणि एका लांबलचक दोरात आहे. त्या दोराला ओळीने आमचे गळ लोंबत असतात.

आमच्या गळांना सुईसारखं नेढं नसतं, वरचं टोक नुसतं चपटं असतं. म्हणून तंगुसाचे वेढे दांडीवर एकाशेजारी एक बसवायचे, एक टोक पायाच्या अंगठ्यात, दुसरं दातात, आणि ओढण्याआधी गाठीला थुंकी लावायची. कोरडी गाठ कच्ची राहते आणि नेमका मोठा मासा आला की सुटते. सगळ्यात शेवटी गाठीवर रंगीत दोरा गुंडाळायचा. बाबांचा निळा, आईचा हिरवा, शेजारच्या घरातून उठून इथेच ठाण मांडणाऱ्या आत्याचा पिवळा आणि माझा लाल. कारण आमच्याकडे नियम आहे, ज्याच्या गळाला मासा लागला, डोकं त्याचं. माशाचं डोकं म्हणजे काय चीज असते ते ज्याला माहीत नाही, त्याची मला खरोखर कीव येते.

रंग मात्र फक्त घरच्या माणसांना. आई लग्न होऊन आली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी आजोबांनी तिच्या हातात हिरव्या दोऱ्याचं रीळ ठेवलं होतं. पाहुणा बसला तर त्याने कोरे गळ बांधायचे. कोऱ्या गळाला मासा लागलाच, तर डोकं मांजराचं.

अशा घरात मी त्याला घेऊन आले. जासईच्या कंटेनर यार्डात आमची टेबलं समोरासमोर. तो पुण्याचा, नवीन पनवेलला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारा, बोलायला गोड आणि मासे खायला अगदीच कच्चा. काटा दिसला की चष्मा काढून पुसायचा. मला त्याच्याशीच लग्न करायचं होतं आणि तसं मी बाबांना स्पष्ट सांगून टाकलं होतं. बाबा म्हणाले, “बगू.”

आता बाबांचं ‘बगू’ म्हणजे काय, ते आम्हाला चांगलं ठाऊक आहे. मोरीतल्या नळालाही ते ‘बगू’च म्हणाले होते. तो अजून गळतो आहे.

पहिल्याच रविवारी हा मांडी घालून बसला आणि रिळांकडे बघत उत्साहाने म्हणाला, “काका, मला कुठला रंग?”

आईच्या हातातली कात्री थांबली. आत्याने तोंडाला पदर लावला. रंगांची भानगड मी त्याला मुद्दामच सांगितली नव्हती. सांगितली असती तर या प्राण्याने सरळ बाबांना विचारलं असतं. आणि त्याने तेच केलं!

“तू कोरेच बांद,” बाबा मान वर न करता म्हणाले.

तो आनंदाने कोरे बांधायला लागला. बांधायला म्हणजे काय, थुंकी लावायची त्याला लाज वाटली, म्हणून बाटलीतलं पाणी वाटीत ओतून त्यात बोट बुडवून गाठी ओल्या करत बसला. आत्या म्हणाली, “अवो पावनं, थुंकी लावा. उष्टं हाय म्हनून मासा काय रुसनार नाय.” तेवढ्यात आईने चहा आणला. तो घ्यायला हा अदबीने उठला, तर त्याच्याबरोबर चटईही उठली. गळ पँटमधून आरपार चटईत! ताट उलटलं, गळ ओटीभर झाले आणि आम्ही सगळे एका जागी थिजलो, कारण पाय कुठे टाकायचा हेच कळेना. मी चिडून ओरडले, मग हसले, मग परत चिडले. बाबांनी शांतपणे त्याच्या पँटचा तेवढा तुकडा कात्रीने कापला आणि गळ परत ताटात ठेवला.

तरी तो पुढच्या रविवारी आला. त्याच्या पुढच्याही आला. थुंकी लावायला शिकला. एकदा त्याच्या कोऱ्या गळाला बोटभर शिंगाळा लागला, तेव्हा तो नाचायचाच बाकी राहिला. नियमाप्रमाणे डोकं मांजराला गेलं. तेव्हापासून मांजर त्याच्या मांडीवर येऊन बसायचं. मी मनात म्हटलं, चला, घरातल्या एकाने तरी होकार दिला. बाबा मात्र नुसते वेढे मोजल्यासारखे त्याच्या हातांकडे बघत बसायचे आणि मी बाबांकडे. वरून नव्या विमानतळाची विमानं जायची, त्यांच्याकडे कुणीही बघत नव्हतं.

आणि मग जिताडा आला.

ओहोटीला बाबा होडी लावून वर आले, ते दोन्ही हातांवर मासा आडवा घेऊन. चांगला हातभर, रुपेरी, आणि जबड्यात अजून गळ अडकलेला. गळावर लाल दोरा! मी ओटीवरून उडीच मारली. “माजा! माजा!” म्हणत अंगणभर फिरले. आईने कालवण केलं तेव्हा चुलीपासून हलले नाही. पानं मांडली तेव्हा माझं पान मीच आईच्या पळीजवळ सरकवून ठेवलं.

आईने डोकं उचललं आणि माझ्याकडे वळली, तेवढ्यात बाबा म्हणाले, “ते डोकं त्याला वाड.”

“का म्हनून?” मी किंचाळलेच. “लाल दोरा हाय! माजं डोकं हाय ते!”

“लाल हाय, ते मला बी दिसतंय,” बाबा म्हणाले. “पन तुजं ते त्याचंच नाय काय?”

“नाय! लगीन झाल्यावर बगू!”

हे मी म्हणाले. मी! ज्या एका शब्दासाठी इतके रविवार जीव टांगणीला लागला होता तो शब्द समोर वाढलेला, आणि माझं सगळं लक्ष पळीत. आत्याला ठसका लागला. आई पळी हातात धरून हसता हसता खालीच बसली. बाबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे ओले झाले होते, पण आवाज नेहमीचाच.

“मंग करा लगीन,” ते म्हणाले. “पन आज डोकं त्याला.”

मला एकदम रडू फुटलं. रडता रडता हसू येत होतं, हसता हसता नाक गळत होतं आणि मला ते थांबवताही येत नव्हतं. डोकं आपल्याला का मिळालं, हे त्याला मात्र काडीचंही कळलं नव्हतं. पानात जिताड्याचं डोकं, डोक्यातला डोळा त्याच्याकडे रोखलेला. त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि अगदी नम्रपणे विचारलं, “काकू, मी हे नाही खाल्लं तर चालेल का?”

“नाय!” आम्ही सगळे एकदम ओरडलो. सगळ्यात मोठ्याने मी.

त्याने खाल्लं. गालाचं मांस, मेंदू, शेवटी डोळासुद्धा, प्रत्येक घासाला माझ्याकडे बघत. मी समोर बसून शेपटीकडचे काटे चोखत त्या डोक्याचा घास न् घास त्याच्या तोंडात जाताना पाहिला. मला ते डोकं हवं होतं. अगदी मनापासून हवं होतं. पण कुणी परत देऊ केलं असतं, तर देणाऱ्याचा हात मीच अडवला असता.