शेजारच्या बाजूचा पत्रा

मुलाच्या गाडीत मी कायम मागे बसतो. पहिल्यांदा जर्मनीत आलो तेव्हा विमानतळावर सूनबाई म्हणाली होती, "आबा, तुम्ही पुढे बसा." मी म्हटलं, नको, मला मागंच बरं. बोलायची रीत असते म्हणून म्हटलं. आपल्याकडे माणूस दोनदा-तीनदा आग्रह करतो, मग आपण आढेवेढे घेत पुढे बसतो. तिने आग्रह केला नाही. तिची चूक नाही, इतकी वर्षं इथे राहून तिला माझं 'नको' खरंच 'नको' वाटलं. तेव्हापासून माझी जागा नातीच्या छोट्या खुर्चीशेजारी. नातीला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमधून येतं. आणि मुलाची मला दिसते ती फक्त मान. तिथले केस पिकायला लागलेत, हे मागे बसून बसूनच कळलं.

आमची ही गेल्यापासून मुलगा मला दर उन्हाळ्यात तीन महिने बोलावतो. र्युसेल्सहाइमजवळच्या एका गावात त्याचं घर आहे. तो इंजिनियर. मी चौथी पास, तीसुद्धा कशीबशी. कराडजवळ बसच्या बॉड्या बांधायचा कारखाना होता, तिथे पत्र्याच्या कामात माझा जन्म गेला. त्याची मला लाज नाही. रस्त्यावरून बस जाताना तिची कड बघून मी सांगायचो, आमच्याकडची आहे की दुसऱ्याची.

इथे सकाळी सगळे निघून गेले की मी एकटा. मग माइन नदीवर जाऊन बाकावर बसायचं. लांबलचक मालाच्या बोटी जातात, त्या बघायच्या. कुत्रं घेऊन येणारा एखादा म्हातारा "मॉर्गन" म्हणतो, मी "मॉर्गन" म्हणतो. संध्याकाळपर्यंत तेवढंच बोलणं. संध्याकाळी मुलगा येतो तो दमलेला. काय आबा, बरं आहे ना? बरं आहे. झालं.

तर या वर्षी आलो तेव्हा त्याने एक जुनी छोटी गाडी घेतलेली होती. रस्त्यावर चालवायला नाही, ट्रॅकवर पळवायला. इथे शर्यतीचे ट्रॅक हौशी लोकांना काही दिवस उघडून देतात. घरापासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर त्याने गॅरेज भाड्याने घेतलं होतं, आणि शनिवारी तो तिथे वजन कमी करायला गाडी मोकळी करत बसायचा. गालिचे काढले, पुढच्या-मागच्या सीट काढल्या, हीटर काढला, दारांची आतली कव्हरं काढली. मी जाऊन बघतो तर नुसता सांगाडा. सांगाडा बघून मला बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ओळखीचं कोणी भेटल्यासारखं.

गाडीचा मूळ डॅशबोर्ड आम्ही दोघांनी मिळून उचलून बाहेर काढला. प्लास्टिक, आत लोखंडी दांडा, नळ्या, तारा, भलतंच जड. मुलगा म्हणाला की फायबरचा पातळ डॅशबोर्ड मागवणार आहे, यायला वेळ लागेल. मी म्हटलं, मागवतोस कशाला, मी करतो की पत्र्याचा.

"करा," तो म्हणाला. "तुमचा वेळही जाईल."

हे मला लागलं. वेळ घालवायला मी कधी पत्रा कापलेला नाही. त्याच्याकडून किल्ली घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला लागलो.

दुकानातून आणलेल्या खोक्यांचे पुठ्ठे जोडून आधी नमुना केला. मग अॅल्युमिनियमचा पत्रा. या दारापासून त्या दारापर्यंत सगळा, एकसंध. डावीकडे मुलासमोर मीटरच्या जागा कापल्या, वर ऊन लागू नये म्हणून छोटी पडवी काढली. इथे ड्रायव्हर डावीकडे बसतो, ते माझ्या हाताला पटायला जरा वेळ लागला. उजवीकडे एक फळी केली, आणि फळीखाली धरायला कडी बसवली. वळणावर शेजारच्या माणसाला काहीतरी धरायला लागतं.

आता शेजारचा माणूस कोण, ते सांगतो. मी. आल्या दिवसापासून मनात हेच होतं. या गाडीला मागे जागाच नव्हती, तेव्हा मला मागे बसवायचा प्रश्नच नव्हता. मुलगा चालवतोय, मी शेजारी कडी धरून बसलोय, त्याचा चेहरा दिसतोय. एकदा, एकच फेरी. पण ते मी त्याला सांगितलं नव्हतं. बापाने मुलाला 'मला फिरवून आण' म्हणायचं, ते माझ्या तोंडून निघत नाही. डावीकडे नवी सीट बसली होती, उजवीकडे नुसता तळाचा पत्रा. मी धरून चाललो की दुसरी सीट यायची आहे.

डॅशबोर्ड तयार झाला. मी त्याला पत्रा जोडायची रिबिटं दाट मारली होती, कडा दुहेरी दुमडल्या होत्या. वर माणूस उभा राहिला असता. शनिवारी मुलगा घरून सामानाच्या बॅगा तोलायचा हातकाटा घेऊन आला. त्याच काट्यावर दर वर्षी माझ्या बॅगेतलं मेतकूट आणि लोणचं तोललं जातं. त्याने दोरी बांधली, डॅशबोर्ड लटकवला आणि आकडा बघितला.

"आबा, काम सुंदर झालंय. पण हलकं पाहिजे होतं."

"हलकं काम मी जन्मात केलं नाही."

तो हसला. "तसं हलकं नाही हो. वजनाला हलकं."

ते मला कळत नव्हतं असं नाही. पण आमच्या कारखान्यात 'हलकं काम' ही शिवी होती. हलक्या कामासाठी माणसाला दारात उभं करून बोलायचे. तो शब्द मुलाच्या तोंडून, माझ्या पत्र्याकडे बघून, आणि तेही 'पाहिजे होतं' म्हणून. कान तापले माझे.

त्याने उजव्या बाजूवर हात ठेवला. "ही अर्धी बाजू काढली तर भागेल. तिकडे डॅशबोर्ड लागतोय कशाला? शेजारी कोण बसणार आहे?"

"दुसरी सीट येणार आहे ना?"

"छे. ती म्हणजे पुन्हा वजन. ट्रॅकवर एकटाच असतो मी." मग त्याने माझ्याकडे बघितलं. "का? तुम्हाला बसायचं होतं का?"

"मला कशाला? असंच विचारलं."

"गेनाऊ," तो म्हणाला, म्हणजे तेच तर, आणि खाली वाकून तारा बघायला लागला. पुन्हा विचारलं नाही.

त्यानंतर मी गॅरेजकडे फिरकलो नाही. नदीवर जाऊन बसायचो. सूनबाईने विचारलं, पाय दुखतात का. म्हटलं, हो. ती बिचारी मलम घेऊन आली, मग मला ते लावावंही लागलं. जेवताना एकदा मुलगा म्हणाला की आबा, राहू दे तुमचं काम, मी आपला फायबरचा मागवतो. म्हणाला चांगल्या मनानेच. मी बसणार नव्हतो, ते ठरलंच होतं. आता माझा पत्राही त्या गाडीत बसणार नव्हता.

सकाळी सगळे गेल्यावर किल्ली घेतली आणि गॅरेज उघडलं. आधी कडीची रिबिटं छेदून काढली. मग फळी. मग पेन्सिलने रेघ मारली आणि कातर लावली. चांगल्या पत्र्याला कातर लावताना तो ओरडतो, कारखान्यातल्या गोंगाटात ते ऐकू यायचं नाही. इथे ऐकू आलं. कापलेली कड वळवून घेतली, नाहीतर घाईत मुलाचा हात फाटायचा. डाव्या बाजूलाही जिथे ताकदीची गरज नव्हती तिथे भोकं पाडली. उजवीकडे काही उरलं नाही. तिथून थेट इंजिनाच्या भिंतीचा पत्रा दिसायला लागला.

संध्याकाळी मुलाने पुन्हा काट्याला लावून बघितलं आणि त्याचा चेहरा खुलला. "आता कसं हलकं झालं, आबा," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्या शब्दावर मी मान डोलावली.

ट्रॅकवर आम्ही सगळेच गेलो. गाडी त्याच्या मित्राच्या ट्रॉलीवर पुढे, आम्ही मागून. मी जाळीपाशी उभा राहिलो. नातीने कानांवर हात ठेवले होते. मुलाची गाडी समोरून जायची तेव्हा हेल्मेट तेवढं दिसायचं, आणि शेजारच्या रिकाम्या खिडकीतून आरपार पलीकडचं गवत. कितीदा गेली, दर वेळी मी तिकडेच बघितलं.

फेऱ्या संपवून तो आला, हेल्मेट काढलं. म्हणाला, डॅशबोर्ड जराही वाजत नाही.

"वाजेल कसा?" मी म्हटलं.

मग तो मित्रांकडे गेला. हातवारे करत जर्मनमध्ये बोलत होता, खूश होता. सूनबाई नातीला खायला द्यायला गेली. मी गाडीपाशी एकटाच राहिलो. उजवं दार उघडलं, एक पाय आत टाकला आणि बसलो खाली, नुसत्या तळावर. पत्रा तापला होता. गुडघे छातीला लागले, धरायला काही नव्हतं. मान वळवून बघितलं, तर रिकामी सीट आणि तिच्यावर त्याचे घामाने ओले हातमोजे.

तेवढ्यात त्याने लांबून मला बघितलं. त्याला वाटलं मी स्क्रू तपासतोय.

"आबा," त्याने तिथूनच विचारलं, "काही ढिलं झालंय का?"

"नाही," मी म्हटलं. "सगळं घट्ट आहे."