मामाचं लुगडं सायकलीवरून आलं

लिही बाळा, मन्हा धुडकूमामाचं लिही. कळसाडीचा होता. केळीत राबायचा, आणि वेळ मिळाला की जुनी सायकल घेऊन मुलूखभर फिरायचा. घंटी वाजायची नाही, म्हणून तोंडानंच ट्रिंग ट्रिंग करायचा. डोळे मिटले की अजून येतो बघ, धुळीतून, पाण्यावरून तरंगत यावा तसा.

तेव्हा सगळा बाभळीच्या काट्यांचा रस्ता. सायकलवाल्यांची एक रीत होती. कुणाची सायकल उलटी टेकलेली दिसली की आपण उतरायचं. पंप द्यायचा, ट्यूबला ठिगळ लावून द्यायचं. पण नाव-गाव विचारायचं नाही. विचारलं की समोरच्याला वाटतं, आता हे फेडावं लागेल.

महाराष्ट्र झाला, त्याच्या पुढच्या वैशाखात माझं लग्न. माहेर तळोद्याच्या पुढं, अक्कलकुव्याच्या वाटेवर. आमच्या गुजर समाजात नवरीनं मामाचं लुगडं नेसायचं आणि मामानंच हात धरून मांडवात न्यायचं. गोरज मुहूर्त होता. सावल्या लांबल्या, गुरं परतायला लागली, तरी मामाचा पत्ता नाही. सासरे म्हणाले, "मुहूर्त टळला तर वऱ्हाड परत नेऊ." मी हळदीच्या अंगानं दारात बसलेली. सोनेरी धूळ उडत होती, आणि मला वाटत होतं हे सगळं दुसऱ्याच कुणा पोरीचं चाललंय.

त्या धुळीतून एक सायकल आली. मामाची नव्हती. डोंगरातला आदिवासी गडी, सुकराम नावाचा, हे आम्हाला मागाहून कळलं. दांडीवर ज्वारीचं पोतं, आणि गळ्यात गाठोडं.

"नवरीनं घर हाईच का? लुगडं धाडेल शे."

"कोनी धाडं?" माझी आई वत्सलाबाई धावली.

"सायकलवालानी. त्यानाकडे एकच ठिगळ व्हतं, ते मन्हा ट्यूबले लायी दिधं. मंग त्यानीच सायकलनं चाक फुटनं. मांगून पायी ई ऱ्हायना."

"नाव काय त्यानं?"

"मी इचारं नही."

"कसा दखास तो?" आईनं रंगरूप विचारलं.

"धूळमा भरेल. वाटवर आम्ही समदा तसाच दखातस, बहीन."

बाप कपाळाला हात लावून बसला. कुणाचं लुगडं, कुणी पाठवलं, काय भरवसा? आईनं गाठोडं हातात घेतलं. केळीच्या सोपटानं, खोडाच्या सालीनं, बांधलेलं, ओलं. मामा दोरी कधी वापरायचाच नाही, सगळं सोपटानंच बांधायचा. आई ते नाकाशी धरून उभी राहिली.

"मन्हा भाऊनंच शे," ती म्हणाली. "पाय धुवा ह्याना. हाऊच पोरीले मांडवमा लई जाई."

वऱ्हाडातलं कुणी बोललं, "डोंगरातला तो!"

आई फिरली. "मन्हा भाऊनं लुगडं कोन लई उना? तुम्ही का?"

सुकराम पाय मागं ओढत होता. "मी मामा नही, बहीन!"

"आज शे!" आई म्हणाली, आणि तांब्या ओतला.

मी लुगडं नेसले. त्यानं माझा हात धरला. त्याच्या बोटांना पंक्चरच्या सोल्युशनचा वास होता. ढोल दूरवर वाजतोय असं वाटत होतं. मी चालतेय की उचलली जातेय, कळेना. अंतरपाटापाशी त्यानं मला उभं केलं आणि बाजूला सरकला.

मंगलाष्टकं सुरू झाली, तेव्हा कुंपणापाशी ट्रिंग ट्रिंग ऐकू आलं. धुडकूमामा, सायकल खांद्यावर, तोंडाला फेस.

"मन्ही भाचीले मांडवमा कोनी आनं रे?"

आईनं सुकरामकडं बोट दाखवलं. मामानं त्याला वरून खाली पाहिलं, वाटेवरचा गडी ओळखला. सायकल भिंतीला टेकवली.

"मंग बरं झायं," म्हणाला. "मी तं येळवर उनाच नसतू."

आणि धुळीच्या हातांनी अक्षता उचलून, त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला. दोघांनी मिळून टाकल्या माझ्यावर.