आकुर्डी ते निघोजे: अण्णांची पाठ आणि व्हॅनची नवी चाकं

लोकांच्या ब्लॉगवर लेह असतं, स्पिती असतं, निदान गोकर्ण तरी असतं. माझ्या ब्लॉगवर आज निघोजे आहे. आमच्या आकुर्डीच्या घरापासून जेमतेम पंचवीस किलोमीटर. हसा खुशाल. पण एवढ्याशा प्रवासाच्या तयारीला मला तीन आठवडे लागले, आणि घरात कुणाची पाठ दुखत असेल तर हे सगळं तुमच्याही कामाला येईल.

पाठ आमच्या अण्णांची. अण्णा म्हणजे माझे वडील. तीस वर्षं कंपनीच्या बसवर ड्रायव्हर होते, गेल्या वर्षी मणक्याचं ऑपरेशन झालं. त्यांची थोरली बहीण, माझी आत्या, निघोज्याला असते. आत्याचे गुडघे गेलेत आणि आम्ही बिनलिफ्टच्या तिसऱ्या मजल्यावर राहतो, म्हणजे तिचं येणं बंद. फोनवर तिला ऐकू येत नाही. ती पलीकडून "जेवलास का?" विचारत राहते, अण्णा इकडून "हो, हो" ओरडत राहतात, आणि शेवटी दोघंही दमून फोन ठेवतात. तेव्हा भेट व्हायची तर अण्णांनीच जायला हवं.

दिवाळीत भाऊबीजेला मी त्यांना आमच्या व्हॅनमधून नेलं. परत आल्यावर ते चार दिवस अंथरुणात होते. पाचव्या दिवशी उठले आणि म्हणाले, "मंजू, मी आता तुझ्या त्या डब्यात बसायचा नाही. अक्काशी काय बोलायचं ते फोनवर बोलू."

मला ते फार लागलं. डबा मीच हौसेनं घेतला होता. सात सीटची सेकंडहँड व्हॅन, आधी एका कंपनीची माणसं ने-आण करणारी. तेरा इंची चाकं, गुळगुळीत झालेले टायर, आणि चारपेक्षा जास्त माणसं बसली की प्रत्येक स्पीडब्रेकरला पोट घासणार. ही चाकं बदलायची, हे मी त्याच दिवशी ठरवलं.

तिसऱ्या आठवड्यात, शनिवारी सुट्टी टाकून चाकणला गेले. तसं मी रोजच चाकणला जाते. तिथल्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर दुसऱ्यांनी केलेले पार्ट नापास करणं हे माझं काम. पण पंच न करता, बॅग न लटकवता चाकणला जाण्यात वेगळीच मजा आहे. आधी चौकात मिसळ खाल्ली. ऐंशी रुपये, तर्री हवी तेवढी. मग मार्केट यार्डाच्या बाजूला अन्वरभाईंच्या टायरच्या दुकानात पोचले. अन्वरभाईंचे वडील इथेच बैलगाड्यांच्या चाकांवर लोखंडी धावा चढवायचे. आता भाई ट्रकपासून स्कूटरपर्यंत सगळ्यांचे टायर बघतात.

माझ्या मोबाइलमध्ये एक फोटो तयार होता. आमच्याच मॉडेलची व्हॅन, खाली पंधरा इंची चकचकीत अलॉय, त्यावर रबराची पातळ पट्टी. काय रुबाब! भाईंनी चष्मा वर करून फोटो बघितला.

"ताई, चाकं बघायला पाहिजेत का बसायला?"

"बसायला. वडिलांचं मणक्याचं ऑपरेशन झालंय."

"मग हे इसरा. रिम मोठी केली की रबर पातळ होतं. खड्डा आला की दणका सरळ कमरंत. गाडी हिरो, पेशंट झिरो."

मग त्यांनी मला दहा मिनिटं शाळेत बसवलं. त्याचं सार असं: टायरवर 165/70 असं काही लिहिलेलं असतं, त्यातला सत्तर म्हणजे टायरच्या बाजूची भिंत रुंदीच्या सत्तर टक्के उंच. ही भिंत म्हणजे तुमची गादी. चाक मोठं करायचं तर एकाच इंचानं करा आणि गादी शक्य तेवढी राखा. जुन्या आणि नव्या चाकाची पूर्ण उंची जवळपास सारखी राहायला हवी, नाहीतर मडगार्डला घासतं आणि स्पीडोमीटरही खोटं बोलतो. टायर तुमच्या गाडीचं वजन पेलणाराच घ्या. आणि स्टेपनी विसरू नका. चार नवी आणि पाचवं जुनं, हा कंजूषपणा घाटात भोवतो.

मी चौदा इंची साध्या लोखंडी रिम आणि सत्तरवाले टायर घेतले. पंधरा इंचीचं मनातलं चित्र तिथंच पुसलं, थोडं जड मनानं. भाईंनी मागचे शॉकअब्सॉर्बर दाबून बघितले. दोन्ही मेलेले होते. "गादी नवीन आणि पलंग मोडका, काय उपयोग?" म्हणून तेही बदलले. अलाइनमेंट, बॅलन्सिंग धरून सगळं मिळून चाळीस हजारांच्या आत बसलं. अलॉयच्या नादाला लागले असते तर बरंच वर गेलं असतं.

आता आमच्या धंद्यातली खोड. ट्रायल घेतल्याशिवाय आम्ही काहीही पास करत नाही. रिकाम्या गाडीची ट्रायल ही काही ट्रायल नव्हे, माणसं बसल्यावर चाक घासतं का ते बघायला हवं. माणसं कुठून आणायची? भाईंनी समोरच्या कांद्याच्या आडत्याला हाक मारली. पाच मिनिटांत माझ्या व्हॅनमध्ये कांद्याच्या सहा गोण्या बसल्या. अण्णांच्या सीटवरच्या गोणीला मी पट्टाही लावला. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण पिळून, मग दुसऱ्या बाजूला पिळून, दोन खड्ड्यांतून, एका स्पीडब्रेकरवरून मी त्या सहा प्रवाशांना मार्केट यार्डाभोवती फिरवलं. कुठंही घासलं नाही, आणि पोटही टेकलं नाही. आडत्या म्हणाला, "ताई, आमचा कांदा आजवर एवढ्या आरामात कधी गेला न्हाई." गोण्या उतरवल्या, नट परत आवळून घेतले आणि मी विजयी मुद्रेनं घरी निघाले.

वाटेत हायवेच्या कडेला हवावाल्यापाशी थांबले. "सगळ्या चाकांत हवा बघा हो," एवढं म्हटलं आणि तेवढ्यात सुपरवायझरचा फोन आला. एक लॉट अडला होता. मी फोनवर भांडत उभी, हवावाला चारी चाकांभोवती फिरून गेला. त्याचे पैसे दिले, निघाले. घरी येईपर्यंत गाडी जरा दणके देत होती. पण नवीन टायर कडकच असतात, अशी मी स्वतःची समजूत घातली.

रविवारी सकाळी अन्वरभाईंपासून शॉकअपपर्यंत सगळं सांगून अण्णांना मनवायला तासभर गेला. शेवटी मी म्हटलं, "स्पाइन रोड संपेपर्यंत चला. त्रास झाला तर तिथूनच परत फिरू. शब्द." अण्णा कमरेचा पट्टा बांधून, उशी घेऊन, फाशी जाणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यानं खाली उतरले. आत बसताच नाक उडवलं. "गाडीत भजी तळलीस काय?"

निगडी ओलांडून स्पाइन रोडला लागलो. मणक्याच्या पेशंटला न्यायला याहून चांगल्या नावाचा रस्ता नाही. पहिला स्पीडब्रेकर मी अगदी पहिल्या गिअरमध्ये, श्वास रोखून घेतला. धाडकन! मागून "आई गं" आलं. दुसऱ्याच्या वेळी आरशात बघितलं तर अण्णांनी डोळे मिटून समोरची सीट घट्ट धरली होती. तीन आठवडे, चाळीस हजार, सहा गोण्या, आणि अण्णा पुन्हा चार दिवस झोपणार. वर आत्याची भेट कायमची बंद, आणि तेही माझ्यामुळे. मी गाडी बाजूला घेतली.

"परत फिरू या अण्णा. माझंच चुकलं."

अण्णा डोळे न उघडताच म्हणाले, "हवा किती हाय?"

"काय?"

"चाकात हवा किती भरलीस? गाडी आपटत न्हाई, उडतीय. माल भरलेल्या गाडीची हवा हाय ही."

मला तिथल्या तिथं कानकोंडं झालं. रोज शेकडो पार्ट मोजणारी मी, आणि हवेचा आकडा बघितलाच नव्हता! पुढे पंक्चरवाल्याकडे मोजली तर चारी चाकांत अठ्ठेचाळीस. खरं तर हवी होती पुढं तीस, मागं बत्तीस. दाराच्या आतल्या स्टिकरवर स्पष्ट छापलंय. पंक्चरवाल्यानं आत डोकावून खाली पडलेली कांद्याची टरफलं बघितली आणि हसला. "मॅडम, चाकणहून भरली ना? कांद्याची गाडी दिसली की तिकडं कुणी विचारत नाही, लोडचीच हवा भरतात." त्या बिचाऱ्या हवावाल्याचा काही दोष नव्हता. या पट्ट्यात व्हॅन म्हणजे माल नाहीतर शिफ्टची माणसं, दोन्ही खच्चून भरलेली. म्हातारं माणूस एकटं आरामात बसवून न्यायला कोण कशाला व्हॅन काढेल?

पंक्चरवाला हवा सोडत होता तसे अण्णा खिडकीतून एकेक चाक बघत होते. "बास. आता चल, बघू."

पुढचा स्पीडब्रेकर आला. गाडी चढली, उतरली. मी विचारायचं धाडस केलं नाही. त्याच्या पुढचा आला. मग मोशी गेली, इंद्रायणीचा पूल गेला, आणि चिंबळी फाट्याला अण्णांनी समोरच्या सीटवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

"अन्वरला सांग," ते म्हणाले, "शॉकअप चांगलं टाकलंय."

मला रडूच फुटायचं बाकी होतं. कुरुळीला गाडी थांबवून उगाच पाण्याची बाटली घेतली.

आत्याच्या घराची मागची भिंत आता एका कारखान्याच्या कंपाउंडला टेकते. पुढच्या चार खोल्यांत तिनं नांदेड-लातूरकडची कामगार पोरं भाड्यानं ठेवलीत आणि त्या सगळ्यांवर तिचा कडक अंमल चालतो. अण्णा उतरताना दिसले तशी ती ओट्यावरूनच ओरडली, "आरं, आला व्हय रं! फोनवं तर न्हाई म्हनला व्हतास!" म्हणजे तेवढं बरोबर ऐकू आलं होतं. दोघांनी एकमेकांचे हात धरले. आत्यानं पदरानं डोळे पुसले आणि लगेच मला ओरडली, "मंजे, बघती काय, पाट मांड." हुलग्याची शेंगोळी केली होती, वर कच्चा कांदा आणि तेल. तुम्ही त्या बाजूला गेलात आणि कुणी शेंगोळी देऊ केली तर नाही म्हणू नका.

जेवण झाल्यावर आत्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली. "मला बी बसव की. लांब नगं, हितंच." ओट्यावरून स्टूल आणलं, अण्णांनी आतून हात दिला, मी मागून आधार दिला, आणि आत्या एकदाची चढली. मग तिथवर पसरलेल्या चाकण औद्योगिक वसाहतीच्या गुळगुळीत काँक्रीट रस्त्यांवरून आमची सहल सुरू झाली. आत्या प्रत्येक गेटाकडं बोट करून सांगत होती. "ही हितं आमची बाजरी. त्या पांढऱ्या टाकीपाशी हीर व्हती." मी हौसेनं आमच्या कंपनीच्या गेटापर्यंत गाडी नेली. ती म्हणाली, "हितं तर माझी तूर व्हती!"

"वाईट वाटतं का गं आत्या?" मी मोठ्यानं विचारलं.

"छ्या! निस्ता दगूड निघायचा. तुमची कंपनी तरी काय पिकवतीया का?"

अण्णा एवढे हसले की कमरेचा पट्टा सैल करावा लागला. दोघं मागे शेजारी बसून कुणाच्या तरी लग्नातल्या भांडणावर बोलत होती. आत्याला जवळून सगळं ऐकू येतं. मी त्याच रस्त्यावरून तीन फेऱ्या मारल्या, कुणीच पुरे म्हणेना.

संध्याकाळच्या आत घरी आलो. रात्री मी तीनदा विचारलं, अण्णांनी तीनदा "बरा आहे" म्हणून मला घालवून दिलं. सोमवारी सकाळी उठले तर त्यांचं अंथरूण रिकामं. मी घाबरून जिना उतरले. अण्णा खाली व्हॅनचं दार सरकवून उभे होते आणि जमिनीपासून गाडीच्या तळापर्यंत वितीनं माप घेत होते.

"अण्णा, काय चाललंय? पाठ कशी आहे?"

"पाठ राहू दे," ते मान वर न करता म्हणाले. "अन्वरला सांग, इथं एक लोखंडी पायरी वेल्ड करून दे. जमिनीपासून एक वीत उंच. अक्काचा पाय तेवढाच उचलतो, काल मी नीट बघितलंय."